तिरप्या रेघांचा प्रदेश

पदव्युत्तर वर्गांच्या पुस्तकांसाठी ऐतिहासिक नकाशे काढणे हा माझा व्यवसाय आहे. ही पुस्तके बहुधा एकरंगी छापली जातात, त्यामुळे राज्ये वेगळी दाखवायला पांढरा, काळा आणि मधल्या दोन-तीन करड्या छटा एवढेच माझ्या हाती असते. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या बाल्कनवरील प्रकरणाचे नकाशे पक्के करायला लेखक स्वतः कार्यालयात आले, तो दिवस मला विशेष आठवतो. एरवी सकाळी उरकणारे ते काम त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत चालले.

पहिला नकाशा १९०० सालचा होता. बोस्निया-हर्झेगोविनाला तुर्की साम्राज्याची छटा द्यायची की ऑस्ट्रिया-हंगेरीची, असे मी विचारले.

"दोन्ही द्या," सर म्हणाले. "मालकी सुलतानाची आणि कारभार व्हिएन्नाचा, असे १८७८ च्या बर्लिन करारात ठरले होते."

मग तुर्कांच्या छटेवर ऑस्ट्रियाच्या तिरप्या रेघा ओढल्या. पण त्याच कराराचे पंचविसावे कलम सरांनी पुढे वाचले, तेव्हा खरी अडचण सुरू झाली. सर्बिया आणि माँटेनेग्रो यांच्या मधोमध नोवी पाझारचा संजक, म्हणजे तुर्की साम्राज्यातील एक जिल्हा, आहे. तिथे मालकीही सुलतानाची आणि मुलकी कारभारही सुलतानाचाच, मात्र छावण्या टाकण्याचा आणि लष्करी व व्यापारी रस्ते राखण्याचा अधिकार ऑस्ट्रियाला. प्लेव्हल्ये, प्रियेपोल्ये आणि प्रिबोय येथे १८७९ पासून ऑस्ट्रियाचे सैनिक तुर्की अंमलदारांच्या शेजारी राहत होते. छापील पानावर करंगळीच्या नखाएवढ्या भरणाऱ्या या तुकड्यासाठी तिसरी खूण हवी होती. अखेर तिथे ठिपके दिले आणि सूचीत एक ओळ वाढवली.

इतक्यावर भागले नाही. बल्गेरिया आपल्यापुरते राज्य चालवत असले तरी कागदोपत्री सुलतानाचे मांडलिक होते. क्रीटला १८९८ पासून स्वायत्तता होती, पण सार्वभौमत्व तुर्कांचेच मानले जाई. दुपारपर्यंत नकाशावर नुसत्या छटेपेक्षा रेघांचाच भाग अधिक दिसू लागला. आपल्याकडील गाइडांमध्ये बाल्कनचे वर्णन असे येते, की जणू तिथले लोकच जात्या भांडकुदळ होते. एका जागेचे दोन मालक कागदावरच करून ठेवण्याचे काम मात्र बर्लिनमध्ये जमलेल्या बड्या राष्ट्रांनी केले होते, हे त्या दिवशी मला रेघा ओढताना स्पष्ट दिसले.

दुसरा नकाशा १९०८ च्या अखेरचा. जुलैमध्ये 'तरुण तुर्क' या सुधारणावादी गटाने क्रांती करून राज्यघटना पुन्हा लागू केली होती. आता बोस्नियातूनही प्रतिनिधी तुर्की संसदेत बोलावले गेले तर काय करायचे, ही धास्ती व्हिएन्नाला वाटू लागली. सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री एरेनथाल आणि रशियाचे इझ्वोल्स्की बुखलाउ येथे भेटले. बोस्नियाच्या बदल्यात रशियाच्या युद्धनौकांना काळ्या समुद्रातून बाहेर पडायला तुर्कांच्या ताब्यातील सामुद्रधुनीतून वाट, असा सौदा इझ्वोल्स्कींच्या मनात होता. त्यांच्या पदरात काही पडण्याआधीच ५ ऑक्टोबरला बल्गेरियाने स्वातंत्र्य जाहीर केले, दुसऱ्या दिवशी बोस्निया खालसा झाल्याची घोषणा झाली आणि लगोलग क्रीटनेही ग्रीसमध्ये विलीन होत असल्याचे जाहीर केले. बोस्निया आणि बल्गेरिया यांवरच्या रेघा मी पुसून टाकल्या. क्रीटवरच्या मात्र सरांनी ठेवायला सांगितल्या, कारण ते विलीनीकरण बड्या राष्ट्रांनी तेव्हा मानले नव्हते. सुलतानाला पुढे भरपाईपोटी २५ लाख तुर्की पौंड मिळाले. सर्बियाला काहीच मिळाले नाही. उलट मार्च १९०९ मध्ये जर्मनीने रशियाला निर्वाणीचा खलिता दिल्यावर सर्बियालाही खालसाकरण निमूटपणे मान्य करावे लागले.

संजकातले ठिपकेही याच वेळी गेले, कारण ऑस्ट्रियाने तिथल्या छावण्या उठवल्या. मला याचे नवल वाटले. त्याच वर्षीच्या जानेवारीत एरेनथाल यांनी याच पट्टीतून मित्रोवित्सा या गावाकडे, आणि तिथून पुढे सालोनिकाच्या बंदरापर्यंत, लोहमार्ग जोडण्याची योजना मांडून रशियाला चिडवले होते.

"मग ही पाचर सोडली कशाला?" मी विचारले.

"तुर्कांची समजूत काढायला," सर म्हणाले. "पुढच्या नकाशात पाहा काय होते ते."

तिसऱ्या नकाशासाठी मी १९१३ च्या अखेरच्या सीमा उमटवल्या. बाल्कनमधील राज्यांनी तुर्कांविरुद्ध केलेल्या पहिल्या बाल्कन युद्धात सर्बिया आणि माँटेनेग्रो यांनी संजक वाटून घेतला होता आणि दोन्ही राज्यांच्या सीमा प्रथमच एकमेकींना लागल्या होत्या. सर्बियाचे क्षेत्रफळ सुमारे ४८ हजार चौरस किलोमीटरवरून ८७ हजारांवर गेले होते. समुद्र मात्र त्याला मिळाला नव्हता. सर्बियाचे सैन्य नोव्हेंबर १९१२ मध्ये समुद्रकाठच्या दुराझो बंदरापर्यंत पोहोचलेही होते, पण ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या हट्टाने तिथे अल्बेनिया उभा राहिला. लंडनच्या राजदूत परिषदेत श्कोदर हे शहर अल्बेनियाला आणि जाकोवा हे गाव अल्बेनियाबाहेर, अशी ऑस्ट्रिया-रशियाची देवघेव झाली. माँटेनेग्रोच्या राजा निकोलाने एप्रिल १९१३ मध्ये श्कोदर घेतलेच, तेव्हा बड्या राष्ट्रांच्या आरमारी वेढ्यापुढे त्याला ते सोडावे लागले.

बड्या राष्ट्रांच्या आपसातल्या मैत्री-करारांची आकृती आपण वर्गात फार शिकवतो. पहिले महायुद्ध युरोपभर का पसरले ते तिच्यावरून कळते. ते बोस्नियातच का पेटले, हे कळायला मला हे तीन नकाशे एकाखाली एक ठेवलेले अधिक उपयोगी वाटतात. सरांना ते पटले आणि त्यांनी तिन्ही नकाशे समोरासमोरच्या दोन पानांवर घ्यायला सांगितले. त्यासाठी प्रकरणातला मजकूर मागे-पुढे सरकवावा लागला, आणि तिप्पट वाढलेल्या सूचीसाठी अक्षरांचा आकार कमी करावा लागला.