आठ शिट्ट्या झाल्या तरी वाटाण्याची डाळ शिजेना

आठ शिट्ट्या. आमच्याकडे गावरान कोंबडा सहा शिट्ट्यांत हाडापासून सुटतो आणि ही वाटाण्याची डाळ आठ शिट्ट्यांनंतरही कुकरच्या तळाशी सुटी सुटी बसलेली. वर पिवळट पाणी, खाली डाळ, मधे पोर्कचे तुकडे. तिघांची एकमेकांशी ओळखसुद्धा झालेली नव्हती. एक दाणा चिमटीत दाबला तर वरून पिठूळ आणि आत खडूसारखी कणी. तो बायकोला दाखवला तर म्हणाली, "मला काय दाखवता? मी सांगितलं होतं का असलं काही करायला?"

सांगितलं नव्हतं, खरंय. हे खूळ माझं. २०१४च्या जानेवारीत छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याने मला टूलरूमच्या ट्रेनिंगसाठी तीन महिने चेक प्रजासत्ताकात म्लादा बोलेस्लावला पाठवलं होतं. स्कोडाचं हे मूळ गाव. २००१ पासून त्यांच्या गाड्या आपल्या शेंद्र्यात जोडल्या जाऊ लागल्या, म्हणून आमच्यासारख्यांचा त्या गावाशी संबंध. बाहेर बर्फ आणि कॅंटीनमध्ये दुपारचं जेवण सूपनं सुरू. त्यात एक दिवस ह्राखोव्का आलं. ह्राख म्हणजे वाटाणा. दाट, पिवळसर हिरवं, वर तुपात तळल्यासारखे पावाचे तुकडे, आत धुरावलेल्या डुकराच्या मांसाचे, म्हणजे त्यांच्या भाषेत उझेनेचे, धागे. पहिल्या चमच्याला वाटलं, हे तर वरण आहे. दुसऱ्याला धूर लागला. तीन महिन्यांत वजन चार किलोनं वाढलं, त्यातलं निम्मं ह्या सुपाचं असावं.

तर गेल्या डिसेंबरात गारठा पडला आणि मी हे घरी करायचं ठरवलं. मांसाची अडचण येईल असं सगळ्यांना वाटलं होतं, ती आलीच नाही. पुण्याच्या कॅंपातून मेहुण्यानं न कापलेला बेकनचा अर्धा किलोचा तुकडा बर्फाच्या डब्यात घालून आणून दिला. तिकडे धुरावलेलं सांध्याचं हाड वापरतात. ते मिळालं नाही, त्यावाचून अडलंही नाही. बेकन घेणार असाल तर कापट्या घेऊ नका, त्या उकळून चिंध्या होतात. घरात शिजवायला परवानगी नव्हती. जुना अॅल्युमिनियमचा कुकर, छोटी शेगडी आणि गच्ची, एवढं मंजूर झालं.

अडलं ते डाळीपाशी. पाच-पन्नास रुपयांच्या डाळीपाशी.

पहिल्या आठ शिट्ट्यांनंतर मी सरळ दुकानदाराला दोषी धरलं. डाळ जुन्या मोंढ्यातून आणली होती. जुनी डाळ, त्यातून उन्हाळाभर पत्र्याच्या गोदामात तापलेली, शिजायला त्रास देते हे खरं आहे. आधी मला संशय आला की त्यानं हरभऱ्याची डाळ दिली. पण हरभऱ्याची डाळ जरा सुरकुतलेली, टोकाला चोच असलेली. वाटाण्याची गुळगुळीत, मणी मधोमध कापावा तशी. ही वाटाण्याचीच होती. मग जुनी असणार. दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर पिशवी घेऊन त्याच्या गल्ल्यासमोर उभा राहिलो.

"भाऊ, तुमची डाळ मागच्या सालची दिसतीय."

"साहेब, पोतं परवा फोडलंय. दहा गिऱ्हाइकं नेऊन गेले, कोणी आलं का परत?"

"मी आलो ना."

ह्यावर तो काही बोलला नाही. नवीन पोत्यातली अर्धा किलो बांधली आणि पैसे घेतले नाहीत. मी विजयी मुद्रेनं घरी आलो. ह्या वेळी रात्रभर भिजवली. सकाळी दाणे फुगलेले, टरारलेले. गच्चीवर चढवली, नऊ शिट्ट्या दिल्या. तीच खडूची कणी. उलट भिजवल्यामुळे कणी अजून चिवट झाल्यासारखी वाटली.

इथे एक आधीच सांगायला हवं होतं ते सांगतो, नाहीतर कुणाचा तरी कुकर जाईल. वाटाण्याच्या डाळीला फेस फार. कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरायचा नाही, एक चमचा तेल सोडायचं आणि आधी झाकण न लावता उकळी आणून वरचा फेस काढून टाकायचा. दुसऱ्या खेपेला चौथ्या शिट्टीला शिट्टी वाजायची बंद झाली आणि वाफेच्या भोकातून पिवळा चिखल यायला लागला. मी गॅस बंद करून गच्चीच्या जिन्यात जाऊन उभा राहिलो. खालच्या मजल्यावरचे काका विचारत होते, काय फुटलं? भोक साफ करून उरलेल्या शिट्ट्या नंतर दिल्या.

तिसरी खेप सोड्याची. कुणीही सांगेल, डाळ शिजत नसेल तर चिमूटभर खायचा सोडा. चिमटीनं भागेना म्हणून मी अर्धा चमचा घातला. डाळ शिजली, म्हणजे शेणासारखी झाली, आणि चव अशी की चमचा तोंडात घालताच साबणाचा वास. बेकनचा दोनशे ग्रॅमचा तुकडा त्यात गेला. त्याचं मला आजही वाईट वाटतं. सोड्यानं डाळीतलं बी-१ जीवनसत्त्वही जातं, पण त्या रात्री मला जीवनसत्त्वांची पडलेली नव्हती.

आता उरला होता मिठाचा संशय. बेकन खारट, ते सुरुवातीपासून डाळीत, म्हणून दाणा आवळत असेल. हे मी जेवताना बोलत होतो. आई ताटात भाकरी कुस्करत होती. ती म्हणाली, "मिठाचं कशाला काढायलास? पाणी बदल की. बोरच्या पाण्यात डाळ शिजत असती का कधी?"

ती औसा तालुक्यातली. तिच्या गावात दोन आड होते. एक वापरायचा आणि एक डाळीचा. लांबून डोक्यावर पाणी आणायचं ते प्यायला आणि डाळीला, बाकी सगळ्याला जवळचं. लातूरला माझी बहीण असते. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आलं, त्याबद्दल जगभर लिहून आलं. बहिणीला त्यातलं काय आठवतं विचारलं तर म्हणते, "त्या पाण्यात तुरीची डाळ तीन शिट्ट्यात मिळून यायची." नदीचं पाणी होतं ते, कृष्णेचं.

आणि मी? वीस वर्षं कूलिंग टॉवरच्या पाण्याची हार्डनेस, म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं प्रमाण, आठवड्याला तपासून रजिस्टरमध्ये सही करतोय. पाइपात खवले धरू नयेत म्हणून. आणि कुकरच्या बाबतीत ते डोक्यात आलं नाही! दुसऱ्या दिवशी कारखान्यातला किट घरी आणला. सोसायटीच्या बोरचं पाणी चंचुपात्रात घेतलं, बफर टाकलं, इंडिकेटर टाकला. रंग लालसर वाइनसारखा. मग थेंब थेंब ईडीटीए, म्हणजे हे क्षार बांधून घेणारं रसायन. तो रंग निळा होईपर्यंत थेंब मोजायचे. नळाच्या पाण्याला कारखान्यात लवकर निळा होतो. इथे मी मोजतोय, मोजतोय, बायको बाजूला उभी. आकडा आला लिटरला ६४० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं म्हणतात आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या म्हणतात. आम्ही त्याच्याही वर.

कारण असं: पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला धरून बसतात. सिमेंट पक्कं होतं. मग खालून कितीही जाळा, दाणा फुटत नाही. रात्रभर त्याच पाण्यात भिजवणं म्हणजे सिमेंटला पाणी मारणं. माझ्या दुसऱ्या खेपेचं रहस्य ते.

पण आईचं ऐकून लगेच मान डोलवायला मन तयार होईना. टूलरूमची सवय, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. शनिवारी गच्चीवर तीन पातेली मांडली, प्रत्येकात पन्नास ग्रॅम डाळ, तीच मोंढ्यातली, अर्धा अर्धा लिटर पाणी. एकात बोरचं. दुसऱ्यात बोरचंच, पण आधी वीस मिनिटं खळखळा उकळून, गार करून, तळाचा पांढरा साका सोडून वरचं निथळलेलं. तिसऱ्यात स्वयंपाकघरातल्या आरओचं. मीठ नाही, मांस नाही, कुकर नाही. पंचेचाळीस मिनिटांत आरओची डाळ पळीनं ढवळताच मोडली. उकळून निथळलेल्या पाण्याची सव्वा तासानं मोडली, थोडी रवाळ. उकळल्यानं हार्डनेस काही प्रमाणातच जातो, सगळा नाही. बोरची दीड तासानं मी हरलो म्हणून खाली उतरवली. आईला तिन्ही पातेली दाखवली. तिनं पाहिलीही नाहीत. "आता कळलं ना?" एवढंच.

मोंढ्यात जाऊन दुकानदाराला अर्ध्या किलोचे पैसे दिले. तो म्हणाला, "साहेब, मला वाटलंच होतं, पण तुम्ही तावात होता."

ह्यानंतर सूप सहज झालं, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. प्रमाण देतो: अर्धा किलो डाळ, अडीच लिटर आरओचं किंवा जारचं पाणी, चारशे-पाचशे ग्रॅम बेकन, दोन कांदे, दोन गाजरं, एक बटाटा, सात-आठ लसूण पाकळ्या. बेकन आधी वेगळ्या पाण्यात दहा मिनिटं उकळून ते पाणी फेकायचं, नाहीतर खारट होतं. मग तो अख्खा तुकडा डाळीबरोबर मंद आचेवर तासभर. काढून धागे करायचे, परत सोडायचे. कांदा-गाजर-बटाटा डाळ अर्धी शिजल्यावर. टोमॅटो घालायचा मोह होईल, घालू नका. आंबट पडलं की दाणा लवकर मऊ होत नाही. मीठ अगदी शेवटी चाखून. मला लागलंच नाही. रवीनं घोटायचं का? मी निम्मंच घोटलं.

मसाल्याचं राहिलं. तिकडे ह्यात एक वाळका पाला घालतात, मायोरान्का. इथे शोधून सापडला नाही. मग एका संध्याकाळी गुलमंडीत बायको गजरा घेत होती आणि मला तोच वास आला. गजऱ्यातला मरवा! पाच रुपयांची जुडी घेतली, नीट धुऊन दोन दिवस सावलीत वाळवली, तळहातांवर चुरडून उतरवायच्या आधी घातली. तो वास आला आणि मी क्षणभर त्या कॅंटीनच्या रांगेत ट्रे घेऊन उभा होतो. आधी घातला तर वास उडतो.

पावाचे तुकडे बेकनच्याच सुटलेल्या चरबीत तळले. मुलानं दोन वाट्या खाल्ल्या. आईसाठी मांसाशिवाय पातेलंभर वेगळंच शिजवलं होतं, तिनं त्यात भाकरी कुस्करली, वर जवसाची चटणी टाकली आणि म्हणाली, "वरणच की रे. फिक्कंय."

दुसऱ्या दिवशी उरलेलं फ्रीजमध्ये असं घट्ट बसलं की चमचा उभा राहिला. पाणी घालून गरम करा, तेही आरओचंच. तिथे बोरचं घातल्यानं काही बिघडत नाही हे माहीत असूनही मी घातलं नाही.

बायकोचं मात्र गणित वेगळं. आमचा आरओ एक लिटर गाळायला जवळजवळ तीन लिटर बाहेर टाकतो. प्रयोग धरून माझ्या सुपापायी किती पाणी गेलं ते तिनं बोटांवर मोजलं आणि बादल्या आरओच्या नळीखाली लावल्या. आता ते पाणी फरशीला आणि गच्चीवरच्या कुंडीला जातं. त्या कुंडीत तिनं मरव्याची उरलेली काडी खोचली होती, तिला पालवी फुटलीय.