तबकडीवरचं पद आणि आमचा बँड

रविवार, रात्रीचे साडेअकरा. आत्ताच लिहून टाकते, उद्या आंब्यांच्या पेट्या भरायच्या गडबडीत काही आठवणार नाही.

आज देवळाच्या सभामंडपात आमच्या वेंगुर्ल्याच्या बँडचा कार्यक्रम झाला. बँड म्हणजे कोण, तर वरातीत वाजवणारे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवाले, हायस्कूलचे ड्रॉइंगचे सर तबल्यावर, बँकेतून रिटायर झालेले पेटीवाले काका आणि दशावतारात पखवाज वाजवणारा एक पोरगा. मे महिन्याची दमट हवा, तबला सारखा उतरत होता, सर दर गाण्याआधी हातोडी घेऊन बसायचे आणि तेवढ्यात पोरं समोरच्या गाडीवरून आइसफ्रूट आणायची.

सुरुवात शाकुंतलातल्या नांदीने. १८८० साली किर्लोस्करांनी ते नाटक पुण्यात रंगभूमीवर आणलं, अजूनही नाट्यगीतांचा कार्यक्रम म्हटला की लोकांना तीच नांदी लागते. मग मानापमान, म्हणजे १९११ च्या, गोविंदराव टेंब्यांच्या चाली. त्याला वन्स मोअर आला, येणारच होता. माझ्या शेजारची काकी तर पुढची ओळ आधीच म्हणून मोकळी व्हायची, क्लॅरिनेटने एक इतकी छान जागा घेतली ती तिच्याच आवाजात गेली, मी रागाने बघितलं तर तिला वाटलं मी दाद देतेय.

पण मी गेले होते ते आमच्या पदासाठी. आमचं म्हणजे आमच्या माडीवरच्या ट्रंकेत सापडलेल्या तबकडीतलं. लेबल अर्धं वाळवीने खाल्लेलं, कोण गातंय, कुठल्या नाटकातलं, काही कळत नाही. पेटीवाल्या काकांकडे चावीचा ग्रामोफोन आहे, त्यावर लावलं तर सुरुवातीला सूर काळी दोन, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी, आणि शेवटाला जवळजवळ पांढरी दोन, अर्धा सूर खाली! आम्ही म्हटलं गायक घसरला बिचारा. काका म्हणाले, "गायक नाय गो, स्प्रिंग ढिली पडता." परत पूर्ण चावी दिली, सूर जागेवर. शिवाय जुन्या तबकड्या सगळ्याच काही मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या नसायच्या, त्यामुळे मूळ सूर नेमका कुठला यावर मंडळींची दोन संध्याकाळी भांडणं झाली. शेवटी वाद्यांनीच निकाल लावला, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट काळी पाचची, तिथेच बसवलं.

खरी अडचण मिंडेची. ट्रम्पेटवाल्याला एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं जमेना आणि पेटीची तर बोंबच, तिचे सूर सुटे सुटेच. याच कारणासाठी आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी घातली होती, काकांना तो विषय काढला की अजून चहा गोड लागत नाही. मग ओठ सैल करून क्लॅरिनेटने ती जागा एकट्याने घ्यायची आणि बाकीच्यांनी गप्प बसायचं असं ठरलं. बरं झालं ठरलं.

कारण आज मंडपात कुणालाच पुढची ओळ माहीत नव्हती! काकीसुद्धा गप्प. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावतात, म्हणून त्यात गायकाने ताना नुसत्या कोंबल्यात, बँडने मात्र लय उतरवून ते पद आठ-नऊ मिनिटं खुलवलं. मला आवडलं, म्हणजे खूपच आवडलं. हे मूळचं असंच होतं असं मात्र मी छातीठोक सांगणार नाही, आणि बँडनेही सांगू नये. स्टेजवरून "हुबेहूब तेव्हासारखं" वगैरे अनाउन्स केलं ते मला खटकलं.

नंतर चहाच्या वेळी एक म्हातारे आजोबा काठी टेकत आले, "ह्या गाणा माझी आवस गुणगुणायची, पण इतक्या सावकाश नाय." झालं! बँडमास्तरांचा चेहरा पडला, पेटीवाले काका मात्र खूश, ते पहिल्यापासून लय वाढवा म्हणत होते. आजोबांना बसवून म्हणायला लावलं तर दोन ओळी आल्या, त्यातली दुसरी तबकडीत नाहीच आहे. मी ती फोनमध्ये रेकॉर्ड केली, आवाज कापरा आहे आणि मागे कपबशा वाजतायत, पण शब्द कळतात.

आता गणपतीत हेच परत करायचं म्हणतायत, चाकरमानी आले की त्यांना पिक्चरची गाणी हवी असतात ते वेगळंच. मी सांगून आलेय, त्या नव्या ओळीशिवाय वाजवणार असाल तर तबकडी परत माडीवर जाईल.