कॅरिअर बोर्डावर बूट चिप बसवताना आलेला माझा अनुभव

आमच्या तपासणी यंत्रातील संगणक सीओएम एक्स्प्रेस टाइप ६ प्रकारचा आहे, म्हणजे छोट्या मॉड्यूलवरचा संगणक मोठ्या बोर्डावर बसवण्याच्या एका मानकाप्रमाणे बनवलेला. प्रोसेसर, मेमरी आणि बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) चिप मॉड्यूलवर असतात आणि बाकीच्या जोडण्या आम्ही स्वतः आखलेल्या कॅरिअर बोर्डावर. बायोस अद्ययावत करताना मध्येच वीज गेली आणि मॉड्यूलवरील चिपमधील बायोस अर्धवट राहिला. महागड्या मॉड्यूलवर सोल्डरिंगचा धोका पत्करण्यापेक्षा, कॅरिअरवर दुसरी बूट चिप लावण्याची मानकातच दिलेली सोय वापरायचे मी ठरवले. आमच्या बोर्डावर तशी आठ पायांची जागा सुरुवातीपासून ठेवलेली होती. आजवर ती कोणी वापरली मात्र नव्हती.

चिप निवडली विनबाँडची डब्ल्यू२५क्यू१२८, म्हणजे १२८ मेगाबिट किंवा १६ मेगाबाइटची. आम्हाला ३.३ व्होल्टची हवी होती, पण याच आकाराच्या चिपा १.८ व्होल्टच्याही मिळतात आणि दिसायला अगदी सारख्या असतात, म्हणून बुधवार पेठेतल्या दुकानात भिंग लावून क्रमांकातली शेवटची अक्षरेही वाचून घेतली. मॉड्यूल पुरवणाऱ्यांकडून अद्ययावत करण्याची छोटी फाइल न घेता पूर्ण १६ मेगाबाइटची प्रतिमा मागवली, कारण छोट्या फाइलमध्ये डिस्क्रिप्टर, म्हणजे चिपमध्ये कोणता भाग कोठे आहे हे सांगणारा सुरुवातीचा तक्ता, नसतो आणि त्याच्याशिवाय चिपसेटला (प्रोसेसरच्या जोडीला असलेल्या नियंत्रक चिपला) बायोस कोठे आहे हेच कळत नाही. फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडून सुरुवातीपासून सोळा बाइट सोडल्यावर ५ए, ए५, एफ०, ०एफ ही खूण दिसते का, ते पाहिले. खूण जागेवर होती. मग फ्लॅशरॉम या चिप लिहिण्याच्या प्रोग्रॅमने ती लिहिली, परत वाचून पडताळली आणि बोर्डावर सोल्डर केली.

कोणत्या चिपवरून सुरू व्हायचे, हे बायोस डिसेबलच्या दोन लाइनींवरून ठरते. शून्य क्रमांकाची लाइन उघडी ठेवून एक क्रमांकाची ग्राउंडला (शून्य व्होल्टला) जोडली, की पहिला चिप सिलेक्ट, म्हणजे चिप निवडणारा संकेत, कॅरिअरकडे वळतो आणि डिस्क्रिप्टरही तेथूनच वाचला जातो. तसा जंपर (दोन पिना जोडणारा छोटा तुकडा) लावून वीज दिली, पण पंखासुद्धा हलला नाही.

दोन संध्याकाळी मी सोल्डरचे सांधे तपासण्यात घालवल्या, आणि दोष तेथे नव्हताच. मल्टिमीटरचे टोक चिपच्या आठव्या, म्हणजे वीज घेणाऱ्या, पायावर टेकवले तेव्हा ३.३ ऐवजी जेमतेम एक व्होल्ट दिसला, तोही डेटाच्या लाइनींमधून चोरवाटेने शिरलेला. आमच्या आराखड्यात हा पाय कॅरिअरच्या मुख्य ३.३ व्होल्टला जोडलेला होता, आणि मॉड्यूलने चालू होण्याचा इशारा दिल्याशिवाय हा मुख्य पुरवठा सुरूच होत नाही. इकडे चिपसेटला मात्र तो इशारा देण्याआधीच, स्टँडबाय विजेवर (यंत्र बंद असतानाही मिळणाऱ्या थोड्या विजेवर) असताना, चिपमधील डिस्क्रिप्टर वाचायचा असतो. चिप विजेची वाट पाहत होती, वीज मॉड्यूलची आणि मॉड्यूल चिपची. म्हणूनच मानकात मॉड्यूलकडून एसपीआय पॉवर नावाची वेगळी पिन येते. तिच्यावर फक्त एसपीआय चिपच, म्हणजे बूट चिपसारखी एसपीआय या जोडणीने बोलणारी चिपच, चालवायची आणि १०० मिलिअँपिअरच्या आत राहायचे असते. आराखडा तपासताना ही ओळ मी वाचली होती, पण तिचे कारण समजून घेतले नव्हते, याची मला मनापासून खंत वाटते.

आठव्या पायाजवळचा तांब्याचा ट्रॅक धारदार पात्याने कापला आणि एसपीआय पॉवरच्या पिनपासून इनॅमलचा लेप असलेली बारीक तार ओढून त्या पायाला जोडली. तिसरा आणि सातवा पाय, म्हणजे लेखनबंदी आणि होल्ड, रेझिस्टरद्वारे याच पुरवठ्यावर ओढून घेतले, नाहीतर ते पुन्हा जुन्याच पुरवठ्याला अडकून राहिले असते. चिपलगतचा ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटरही या नव्या तारेवर घेतला. या वेळी वीज देताच, यंत्राचे बटण दाबण्याआधीच, आठव्या पायावर ३.३ व्होल्ट आले. बटण दाबल्यावर पंखा फिरला आणि थोड्या वेळाने पडद्यावर बायोसचे पान उमटले.

एक काम शिल्लक होते. पूर्ण प्रतिमेबरोबर नेटवर्कचा भागही बदलतो, त्यामुळे मॉड्यूलचा मूळ मॅक पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा ओळख क्रमांक) गेला होता. मॉड्यूलवरील लेबलवरून तो पाहून पुन्हा लिहिला, आणि बोर्डाच्या पुढच्या आवृत्तीच्या आराखड्यात आठवा पाय एसपीआय पॉवरला जोडून ठेवला.