पुसून झाल्यावर मॉपचं काय होतं?

अमेरिकेत एका कॉलेजच्या इमारतीत मी संध्याकाळच्या पाळीला सफाईचं काम करते. फोनवर नातेवाईक चौकशी करतात ती मजले किती, वर्ग किती, पाठ धरते का, याची. पाळीच्या शेवटच्या अर्ध्या तासाबद्दल कधी कोणी विचारलेलं नाही. फरशा पुसून झालेल्या असतात आणि पाणी गळणारा मॉप, गढूळ बादली, ओली फडकी, टॉयलेटचे ब्रश असा सगळा लवाजमा एका चिंचोळ्या खोलीच्या दाराशी येऊन थांबलेला असतो. जॅनिटर क्लॉजेट म्हणतात तिला. माझ्या मते या कामातलं खरं कसब इथे लागतं. फरशी कोणीही पुसेल. ओलं सामान रात्रभरात नीट वाळेल असं लावून ठेवणं सगळ्यांना जमत नाही.

या खोलीचा जीव म्हणजे तिच्या कोपऱ्यातलं मॉप सिंक. जमिनीलगत बसवलेली, चारी बाजूंनी कठडा असलेली मोरीच ती. साधारण दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दहाएक इंच खोल आणि मधोमध तीन इंची निचरा. ते इतकं खाली असण्यामागे सरळ हिशेब आहे. भरलेली बादली वीस लिटरच्या आसपास असते, म्हणजे वीस किलो वजन. ती कमरेइतक्या उंच सिंकमध्ये रोज उचलून ओतायची तर मणका महिनाभरही साथ देणार नाही. इथे बादली फक्त कठड्यावर टेकवायची आणि कलती करायची. वरच्या नळाच्या तोटीला आकडा असतो, त्यावर बादली अडकवून भरता येते.

गढूळ पाणी टॉयलेटमध्ये का ओतू नये, असं नवीन माणूस हमखास विचारतो, कारण ते जवळ असतं. एक तर बादली उचलावी लागते, शिंतोडे उडतात आणि मॉपचे तुटलेले दोरे आत जाऊन अडकतात. शिवाय खाण्याच्या जागांसाठी एफडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा, जो फूड कोड आहे त्यात हे स्पष्ट लिहिलंय: मॉपचं पाणी टाकायला टॉयलेट किंवा युरिनल वापरायचं नाही, त्यासाठी वेगळं सिंक किंवा निचरा असलेली कठड्याची जागा हवी. त्याच कोडमध्ये मॉप वाळवण्यावरही एक छोटं कलम आहे. वापरून झाल्यावर मॉप अशा रीतीने ठेवावा की तो हवेवर वाळेल आणि भिंत, उपकरणं किंवा सामान खराब करणार नाही. आमच्या इमारतीत हे कलम फक्त कॅन्टीनपुरतं लागू होतं, पण मी ते सगळ्या मजल्यांवर पाळते. एवढ्या कमी शब्दांत एवढा उपयोगी नियम मी दुसरा पाहिला नाही.

ते कलम नीट पाळायला निघालं की कळतं, त्यात बरंच काही दडलंय. पहिला प्रश्न म्हणजे मॉप कसा टांगायचा, झुपका वर की खाली? यावर आमच्यात चक्क दोन तट आहेत. झुपका वर करून ठेवला की दोरे मोकळे पसरतात आणि लवकर वाळतात, असं वरवाल्यांचं म्हणणं. मी खालच्या तटात. झुपका वर असला की उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळतं. दांडा लाकडी असेल तर तो पाणी पितो, फुगतो, पुढे त्याच्या चिरांमध्ये काळं धरतं. धातूचा असेल तर पकडीला गंज चढतो. आणि दुसऱ्या दिवशी आपला हात नेमका त्याच दांड्यावर जातो. झुपका खाली, सिंकच्या बरोबर वर, भिंतीपासून चार बोटं लांब आणि शेजारच्या मॉपला न लागेल असा टांगावा, म्हणजे थेंब सरळ निचऱ्यात पडतात. त्यासाठी भिंतीवर खटक्याच्या पकडींची पट्टी लागते, जिच्यात दांडा दाबला की अडकतो. ती सिंकच्या वर न लावता दाराजवळच्या कोरड्या भिंतीवर लावलेली मी कितीतरी ठिकाणी पाहिली. तिथे मॉप वाळतो खरा, पण तोवर खाली थारोळं साचतं आणि भिंतीवर तपकिरी ओघळ उमटतात. पकडी कुठे लावायच्या हे जो माणूस ठरवतो, त्याने आयुष्यात मॉप पिळलेला नसतो, याबद्दल माझी खात्री आहे.

टांगण्याआधी धुणं आलंच. नळाखाली धरून पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत खळबळायचा, मग घट्ट पिळायचा, मग दोरे झटकून मोकळे करायचे. हे शेवटचं झटकणं लोक टाळतात. पिळलेला झुपका दोरखंडासारखा वळलेला असतो. तो तसाच टांगला तर बाहेरून कोरडा दिसतो आणि सकाळी आत बोट घातलं तर गार, ओला लागतो.

सगळ्यात वाईट म्हणजे मॉप बादलीत सोडून जाणं. खूप दमलेली माणसं असं करतात, त्यांना दोष देववत नाही, पण परिणाम चुकत नाही. त्या बादलीत मळ असतो, ऊब असते, पाणी असतं. जंतुनाशक घातलंय ना, मग काय बिघडतं, असं वाटतं. क्लोरीनचं ब्लीच मळाशी झुंजतच संपून जातं. दुसरं नेहमीचं जंतुनाशक म्हणजे क्वाट, म्हणजेच क्वाटर्नरी अमोनियमची संयुगं. ती सुती धाग्याला चिकटून बसतात, म्हणून सुती मॉप बादलीत पडून राहिला तर पाण्यातलं औषध धागाच ओढून घेतो. सुडोमोनाससारख्या जंतूंना ओलाव्यात फार कमी खाद्य पुरतं, आणि विरळ झालेल्या जंतुनाशकालाही ते दाद देत नाहीत. मग सकाळी तोच मॉप घेऊन कोणी कॉरिडॉर पुसतं आणि फरशीवरून कुबट वास येत राहतो. लोक म्हणतात, फिनेल जास्त घाला. वास फरशीचा नसतोच, मॉपचा असतो. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेची रुग्णालयांसाठी २००३ सालची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांतही मॉप आणि फडकी वापरानंतर धुवावीत आणि पुन्हा वापरण्याआधी वाळू द्यावीत, असं सांगितलंय.

बादलीची काळजी त्यामानाने सोपी. खळबळून पालथी घालायची, पण सपाट फरशीवर नव्हे, जाळीवर किंवा दोन पट्ट्यांवर, म्हणजे खालून हवा जाते. ओल्या बादल्या एकात एक घालू नयेत; घट्ट बसतात आणि मध्ये पाण्याचा थर अडकून राहतो. बादलीवरच्या, मॉप पिळायच्या यंत्राचा दांडा उघडा ठेवायचा. चाकांत गुंतलेले केस अधूनमधून काढायचे, नाहीतर बादली वाकडी धावायला लागते.

फडकी आणि सपाट पॅड हल्ली मायक्रोफायबरची असतात, पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या फार बारीक धाग्यांची. ती मळ उत्तम धरून ठेवतात, म्हणूनच ओल्या ढिगात पडली की सुती फडक्यांपेक्षा लवकर वास मारतात. वापरलेली फडकी प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून शनिवार-रविवार तशीच राहिली तर सोमवारी ती पिशवी उघडायला मी तरी पुढे होत नाही. जाळीची पिशवी हवी, आणि ती टांगलेली हवी. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर आणि ब्लीच नको, ड्रायरची आच कमी हवी, नाहीतर धाग्यांची धरून ठेवायची ताकद जाते.

रंगांबद्दल थोडं. टॉयलेटचं लाल, स्वयंपाकघराचं हिरवं, बाकी खोल्यांचं निळं, ही वाटणी बऱ्याच देशांत दिसते. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांसाठी तर २००७ मध्ये अधिकृत रंग ठरले, त्यात संसर्गामुळे वेगळ्या ठेवलेल्या रुग्णांच्या जागांना पिवळा आहे. दिवसभर सगळे हे रंग इमानेइतबारे पाळतात आणि रात्री लाल मॉप निळ्याच्या शेजारी असा टांगतात, की एकाचं पाणी दुसऱ्यावर गळतं. मग दिवसभराच्या शिस्तीला काय अर्थ उरला? लाल सगळ्यात शेवटच्या पकडीत, आणि शक्य असेल तर त्याच्या शेजारची पकड रिकामी.

टॉयलेटचा ब्रश हा वेगळाच प्रकार. तो ओला तसाच त्याच्या डब्यात टाकला की तळाला घाण पाणी साचतं. एका जुन्या सहकाऱ्याने दाखवलेली युक्ती मला फार आवडते. भांडं घासून, फ्लश करून झालं की ब्रशचा दांडा सीटखाली अडकवायचा, ब्रश भांड्यावर लोंबकळत ठेवायचा आणि तोवर आरसा व बेसिन उरकायचं. थेंब जिथे पडायला हवेत तिथेच पडतात. काच पुसायच्या वायपरचं रबर कशावरही दाबलेलं राहू नये, वाकतं, तो टांगावा. झाडू केसांवर उभा करू नये.

फरशी घासायचं मोठं यंत्र असेल तर त्यातली घाण पाण्याची टाकी हे दुर्गंधीचं मुख्य ठिकाण. टाकी रिकामी करायची, धुवायची आणि झाकण उघडंच ठेवायचं. नीटनेटकेपणाच्या सवयीने झाकण लावलं की आतला ओलावा आतच राहतो. मागचं रबर उचलून ठेवायचं, खालचा पॅड काढून वेगळा वाळवायचा. यंत्राची बॅटरी शिसे-आम्लाची असली तर चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून ती कोंडलेल्या खोलीत चार्ज करायची नसते.

आणि कोंडलेपणा हीच तर या खोल्यांची मोठी तक्रार. खोलीला खिडकी नसते. दार उघडं टाकावं तर आत रसायनं असल्यामुळे कुलूप लागतं, शिवाय बऱ्याच ठिकाणी दार आगरोधक असतं, त्याला झरोकेही पाडता येत नाहीत. उरतो तो छतातला, हवा बाहेर फेकणारा पंखा. इमारतींच्या वायुवीजनाचं अ‍ॅश्रे ६२.१ हे अमेरिकी मानक अशा खोलीतून दर चौरस फुटामागे मिनिटाला एक घनफूट हवा बाहेर काढायला सांगतं, आणि ती हवा इतर खोल्यांत फिरवायची नसते. पंखा चालतो की नाही हे बघायला टिश्यूचा कागद जाळीला लावायचा. चिकटला तर ठीक, खाली पडला तर देखभालवाल्यांना कळवायचं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा सल्ला आहे की भिजलेल्या गोष्टी २४ ते ४८ तासांत वाळल्या तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही. मी आधी काम करत असे त्या इमारतीत पंखा बंद होता आणि टॉयलेट पेपरचे खोके सिंकला टेकून रचलेले असत. खालचा खोका कायम मऊ लागायचा. मागच्या जिप्समच्या भिंतीवर काय उगवलं होतं, ते खोके हलवल्यावर सगळ्यांनी पाहिलं. खरं तर सिंकमागच्या भिंतीवर टाइल, स्टील किंवा फायबरचा पत्रा हवा, आणि कागदाचं सामान फळीवर, सिंकपासून लांब. विजेचं पॅनेल त्याच खोलीत असेल तर त्याच्यापुढे किमान तीन फूट जागा मोकळी ठेवायची असते. तिथे ओला मॉप टेकवणाऱ्याला मी तरी गप्प राहून जाऊ देत नाही.

रसायनांचा एक धोका निचऱ्याशीही जोडलेला आहे. टॉयलेटचे डाग काढणारी काही द्रावणं आम्लाची असतात. अशा द्रावणाचा मॉप न धुता टांगला आणि शेजारी ब्लीचचा मॉप गळत असला, तर दोन्हींचं पाणी एकाच सिंकमध्ये मिसळतं आणि क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनियाचं जमलं तर क्लोरामाइन. बंद खोलीत हे थोडंसंसुद्धा घशाला झोंबतं. म्हणून आधी एक मॉप भरपूर पाण्याने धुवायचा, सिंक धुवायचं, मगच दुसऱ्याला हात लावायचा.

नळाला लावलेला पाइप बादलीतल्या पाण्यात बुडवून सोडू नका, हेही पहिल्याच आठवड्यात शिकवतात. रस्त्यावरची मोठी वाहिनी फुटली किंवा अग्निशमनाने पाणी ओढलं की दाब एकदम पडतो, आणि बादलीतलं घाण पाणी पाइपातून पिण्याच्या पाण्याच्या नळात मागे खेचलं जाऊ शकतं. त्यासाठी नळावर व्हॅक्यूम ब्रेकर नावाचा छोटा तुकडा असतो. दाब पडला की तो हवा आत घेतो आणि ओढ तुटते. त्यातून थोडं पाणी गळलं म्हणून काही जण तो काढून टाकतात. गळत असेल तर बदलून मागा. पाइपाचं टोकही सिंकच्या काठाच्या वरच अडकवलेलं असू द्या.

ज्या मजल्यावर फारसा वापर नाही तिथल्या खोलीत गटाराचा वास येतो, आणि दोष मॉपला जातो. निचऱ्याखालच्या वळणदार नळीत थोडं पाणी कायम साठून असतं, तेच गटारातला वायू वर येऊ देत नाही. ते सुकलं की वाट मोकळी. अधूनमधून बादलीभर पाणी ओतलं की झालं. जाळीवर साचलेले दोरे आणि केस हाताने काढा, आत ढकलू नका.

मॉप किती दिवस वापरायचा याला ठरावीक उत्तर नाही. धुऊन, वाळवूनही वास जात नसेल किंवा दोरे तुटून फरशीवर राहायला लागले असतील, तर तो गेला. नवीन सुती मॉप मात्र थेट कामाला लावू नका. कापसातला तेलकटपणा असतो तोवर तो पाणी नीट पीत नाही. आदल्या रात्री पाण्यात भिजवा, पिळा, झटका आणि सिंकवर टांगून ठेवा.