पोळीचा हिशेब: वस्तीतल्या बायकांच्या गटासाठी

पुण्यातली जनता वसाहत, दांडेकर पूल, बिबवेवाडीचं अप्पर. रोज सकाळी या वस्त्यांमधून कितीतरी बायका चार-पाच घरच्या पोळ्या लाटायला बाहेर पडतात. आणि त्यांच्या रोजगाराचा विषय निघाला की वस्तीत शिवणाचा नाहीतर पार्लरचा क्लास सुरू होतो. हातात आधीच असलेल्या कसबाकडे फारसं कुणी बघत नाही. पेठांमधल्या मेस, अभ्यासिकेतली मुलं, एकटे राहणारे आजी-आजोबा, सगळ्यांना घडीची पोळी हवी आहे. गिऱ्हाईक आहे, कसबही आहे. तरी पोळ्यांचे गट मोडतात, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे बाईच्या तासाची किंमत कागदावर कधी मांडलेलीच नसते.

ती आधी मांडू. १० किलो कणीक धरा. तिला साधारण साडेसहा लिटर पाणी लागतं (गहू बदलला की पाणीही बदलतं, म्हणून शेवटचा लिटर हात राखून घाला). ५० ग्रॅमचा गोळा धरला तर सुमारे ३२० पोळ्या होतात. दळणासकट कणीक ४२ रुपये किलो धरली तर ४२० रुपये. पीठ मळायला, घडीत आणि वरून मिळून ६०० मिलिलिटर तेल, ८५ रुपये. गॅस किलोभरापेक्षा थोडा जास्त, ११० रुपये. मीठ आणि कागद मिळून ३५. झाले ६५० रुपये, म्हणजे पोळीमागे दोन रुपये आणि वर काही पैसे. भाव आज-उद्या बदलतील. आपले आकडे घाला, पण रकाने हेच ठेवा.

गट इथवरच हिशेब करतो आणि पाच रुपयांची पोळी विकून तीन रुपये सुटले म्हणून खूश होतो. पण खोलीचं भाडं, वीज, पोचवण्याचं पेट्रोल, झिजलेले पोळपाट-तवे यांचे रोजचे २५० रुपये अजून धरायचेच आहेत. शंभरात पाच पोळ्या फाटतात, करपतात किंवा उरतात, त्यांचे ८०. विक्रीच्या १६०० मधून हे सगळं वजा केलं की ६२० उरतात. दोघी लाटणार, एक भाजणार, आणि मळणं, बांधणं, भांडी, फरशी धरून तिघींचे चार-चार तास. एकूण बारा तास, म्हणजे तासाला जेमतेम ५२ रुपये.

आता मेसवाले काका म्हणतात, रोजचं गिऱ्हाईक आहे, चार रुपयांनी द्या. वाया जाणाऱ्या पोळ्यांचे आता ६४ धरून ३१६ रुपये उरतात, तासाला २६. भावात एक रुपया सोडला की मजुरी निम्मी होते. हा एक आकडा गटातल्या प्रत्येकीला पाठ हवा, कारण घासाघीस करताना पुढ्यात तोच लागतो. शिवाय ठरवतानाच बोलून ठेवा की १९ किलोच्या सिलिंडरचा भाव वाढला तर पोळीचाही वाढेल. तो भाव बहुधा महिन्याच्या एक तारखेला बदलतो. घरगुती सिलिंडर स्वस्त पडतो म्हणून वापरू नका. तो धंद्यात वापरणं बेकायदा आहे, आणि जप्ती झाली तर त्या दिवशी मेसमध्ये पोळ्या पोचत नाहीत, मग गिऱ्हाईकही जातं. रेशनचा गहूही धंद्यात घालू नये. मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून लोकवनचं पोतं चौघींनी मिळून घ्या.

यानंतर उधारी. मेस पंधरा दिवसांनी पैसे देते. रोजचा ९०० रुपये खर्च तोवर गटाच्या खिशातून जातो, म्हणजे १३,५०० रुपये अडकतात. हे भांडवल नसेल तर बाई शेकडा दहाच्या सावकाराकडे जाते आणि महिन्याला १,३५० रुपये व्याजात घालवते. तेच पैसे बचत गटातून शेकडा दोनने घेतले तर २७० लागतात. म्हणून बारा जणींच्या गटाने सगळ्यांनी मिळून धंदा करू नये असं आमचं ठाम मत आहे. चौघी-पाचजणींनी तो चालवावा आणि उरलेल्या गटाने त्यांना कर्ज द्यावं. ज्या लाटत नाहीत त्यांनाही व्याजाचा वाटा मिळतो, त्यामुळे कुरबुर कमी होते. आणि एकाच मेसवर विसंबू नका. दिवाळीत आणि मे महिन्यात मुलं गावी गेली की मागणी कोसळते. निम्मा माल सोसायट्यांमध्ये जावा. तिथे भावही बरा मिळतो आणि पैसे रोख येतात.

कागदपत्रांचं काम वाटतं तेवढं अवघड नाही. खाद्यपदार्थांची एफएसएसएआय नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते, १४ आकडी क्रमांक मिळतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, फुकट आहे; त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. अडतं ते पत्त्यापाशी. वीजबिल सासऱ्यांच्या नावावर, फोटोपास (झोपडीधारकाचं ओळखपत्र) दिरांच्या. घरातल्या ज्याच्या नावावर कागद आहे त्याचं संमतीपत्र आधीच करून ठेवा. अडलंच तर महापालिकेच्या समाज विकास विभागाच्या समूहसंघटिका ताईंना गाठा.

मालाचं म्हणाल तर तक्रार येते ती ओलीची. गरम पोळ्या एकावर एक रचून डब्यात कोंबल्या की वाफेचं पाणी होतं, खालच्या पोळ्या चिकटतात आणि उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो. सुती कापडावर पसरून वाफ जाऊ द्या, मग दहा-दहाच्या चवडी करा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई अन्नाला लागते. यंत्रासाठी पैसे जमले तर पहिलं कणीक मळायचं यंत्र घ्या. खांदे आणि मनगटं मळण्यानेच आधी जातात. पोळीच्या मोठ्या यंत्रातून फुलके निघतात, घडीची पोळी नाही. आणि तुमचं गिऱ्हाईक घडीच्या पोळीसाठीच आलेलं असतं.

मजुरी कशी द्यावी? लाटण्या-भाजण्याची नगावर, मळण्याची आणि भांड्यांची तासावर. सगळीच नगावर दिली तर भांडी कुणीच घासत नाही. दर शनिवारी वही सगळ्यांसमोर वाचून पैसे हातात द्या. क्यूआर कोड गटाच्या खात्याचाच लावा. अध्यक्षांच्या मोबाइलवर पैसे येऊ लागले की त्या कितीही सरळ असल्या तरी संशय सुरू होतो, आणि संशय शिरलेला गट सावरणं फार अवघड जातं.

आणि २०० लिटरचं झाकणाचं पिंप पहिल्याच खरेदीत घ्या. दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवतात ते बहुधा गुरुवारी, मग शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने येतं, पण मेसचा डबा शुक्रवारीही अकरालाच पोचायचा असतो.