बीएसएफ (ब्लॅक सोल्जर फ्लाय माशी) अपडेट : भर श्रावणात लव्ह केजमध्ये अंडी मिळाली!

मंडळी, लव्ह केजमध्ये, म्हणजे माश्यांच्या मेटिंगसाठीच्या जाळीच्या पिंजऱ्यात, अंडी मिळाली एकदाची! आज सकाळी अंडी घालायला ठेवलेली लाकडी पट्ट्यांची जुडी सोडली तर आतल्या फटीत मलई रंगाचे गठ्ठेच्या गठ्ठे, आणि एक मादी अजून शेपटीचं टोक फटीत खुपसून घालतच होती, तिला उठवलं नाही.

मागच्या पोस्टपासून गाडी एकाच ठिकाणी अडलेली. अळ्या झकास, प्रीप्युपा (कोषात जायला आलेल्या अळ्या) आपणहून रॅम्प चढून बादलीत, गावरान कोंबड्या बादली बघून धावत येतायत, पण माश्या नुसत्या जाळीला चिकटून बसायच्या. चिपळूणचा पाऊस तुम्हाला माहितीय, एकदा झड लागली की दुपारी बाराला पण घरात लाइट लावावी लागते, आणि या माशीला मेटिंगला कडक उजेड लागतो. ऊब होती, २८ डिग्रीच्या आसपास, आंबवलेल्या कोंड्याचा वास पण मस्त सुटलेला, तरी पट्ट्या कोऱ्याच. पिवळ्या बल्बने काही होत नाही, तो पैसा वाचवा. शेवटी पांढरा एलईडी फ्लडलाइट केजच्या अगदी डोक्यावर आणला, सकाळी लावायचा, दुपारी बंद, आणि जाळीवर रोज पाणी फवारायचं, कारण मोठी माशी जवळपास काही खात नाही पण पाणी लागतंच. दोन दिवसांत जोड्या दिसायला लागल्या!

बाकी थोडक्यात. अळ्यांच्या खाद्याचा बेड ओला होऊन अळ्या भिंतीवर चढत होत्या, तूस मिसळल्यावर बसल्या. ऑनलाइन स्टार्टर अंडी मागवूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, कुरिअर पोचेपर्यंत निम्मी पिचकलेली असतात आणि विकणारा फोन उचलत नाही. जवळच्या कुणाकडून प्रीप्युपा घ्या, ते प्रवास सोसतात.

आता दुसरी केज बांधणार होतो, पण हे टाइप करता करताच सुचलं की त्यापेक्षा कोषांसाठी काळोखा खोका करावा, त्याला पाइप लावून तोंड लव्ह केजच्या उजेडात सोडायचं, म्हणजे माश्या निघतील तशा आपणच उजेडाकडे जातील आणि रिकामी टरफलं खोक्यातच राहतील. बकऱ्यांच्या गोठ्यातला पोटमाळा उबदार आहे, तिथे बसेल बहुतेक. कुणी केलंय का असं? पाइप किती जाड घेतलात ते सांगा, उद्या बाजारात जातोय. अंडी चारेक दिवसांत फुटतील, फोटो टाकतो.