तुम्ही विचारलंत म्हणून: त्या फणसाला पाणी कुठलं?

हो, घातलं होतं. २०१६ साली लातुरात रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा हा फणस जगला कसा, असं अंगणात येणारा प्रत्येक जण विचारतो. कुणी सहज, कुणी टोचून. आता एकदाच सांगते.

आठळी आईनं राजापूरहून ओल्या फडक्यात बांधून आणली होती, वाळली की ती रुजत नाही म्हणून. काळ्या मातीत पाणी तुंबून मूळ कुजतं, म्हणून मुरूम टाकून उंचवटा केला आणि तिथं लावली. बाकी कौतुक तुम्ही ऐकलंय.

झाड सात वर्षांचं झालं आणि तो उन्हाळा आला. मांजरा धरण कोरडं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी. फणसाला मी भांड्यांचं पाणी घालायचे. त्यात कुणाचं काय घेतलं? पण आमची माती चुनखडीची, वर साबणाचा खार. लोह असून झाडाला घेता येईना. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. नर फुलोरे काळे पडून गळाले. ते गळतातच, मला ठाऊक होतं. तरी वाटलं, गेलं झाड.

एप्रिलात मिरजेहून पहिली गाडी आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच आठवड्यात एका रात्री मी ड्रममधलं पिण्याचं पाणी काढलं. एक बादली. अर्धी आळ्यात ओतली, तोच फाटकाशी शेजारच्या काकू दिसल्या. हातात रिकामी घागर.

"झाडाला घालायलाव व्हय, ताई?"

"वापरलेलंच आहे," मी म्हणाले.

ओट्यावरच्या दिव्यात बादलीचा तळ लख्ख दिसत होता. काकूंनी तो पाहिला. मागायला आल्या होत्या, न मागता वळल्या. मी हाक मारली नाही. उरलेली अर्धी बादलीही झाडालाच ओतली.

पंधरा लिटरनं एवढं झाड जगत नसतं, त्याला त्या वर्षीच्या पावसानं तारलं, असं मी किती जणांना सांगितलंय! खरंच आहे ते. मग ओतलं कशाला? आई त्याच वर्षी गेली होती, हे कारण मला कधी पुरतं, कधी काकूंची घागर आठवली की मुळीच पुरत नाही.

२०१९ला खोडावर पहिला फणस धरला. कापा निघाला. डबाभर गरे काकूंकडे पाठवले. डबा घासूनपुसून, साखर घालून परत आला. गरे कसे होते, ते काकू बोलल्या नाहीत. त्या रात्रीचं मीही अजून काढलेलं नाही.